शेजारणीची पोरगी

खर्र करून नळ खाकरला आणि दुपारची सगळी शांतता फुटली.

चार-पाच दिवसांनी पाणी आलं होतं. आई कामावर गेलेली, म्हणजे भरायचं सिद्धेश्वरीलाच. तिनं पाइप हंड्यात सोडला, झोपलेल्या पुट्टीच्या अंगावरची चादर सारखी केली आणि पुन्हा लॅपटॉपपुढं बसली. पोर उठेपर्यंतचा वेळ तेवढा तिचा. तेवढ्यात तिला सासऱ्याच्या मांडीवरून स्वतःच्याच लेकीला उचलून बाजूला करायचं होतं.

मुलगी झाली तेव्हापासून सासूचं तोंड वाकडं होतं. पण सासरे, चनमल्लप्पा, असेपर्यंत कुणाची बोलायची टाप नव्हती. 'पुट्टी' हे कानडी लाडाचं नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि पोरगी सदानकदा त्यांच्या मांडीवर. ते गेले, दिवसपाणी उरकलं, आणि नवरा, प्रभु, तिला म्हणाला, "चार दिवस माहेरी राहून ये." ते चार दिवस काही सरलेच नाहीत. शेवटी फारकत झाली.

मग ती झीनतआपाच्या स्टुडिओत फोटो सुधारायचं काम शिकायला लागली. आपा मायेची, पण शिकवताना कडक. "कापणं कुणालाबी येतं," ती म्हणायची. "जो गेला, तो मागं काय ठेवून गेला ते हुडक. सावली, रंग, चमक. ते पुसलंस तर काम पक्कं. आणि कापलेलं कधी टाकायचं नाही, वेगळं जपायचं."

परवा सिद्धेश्वरी स्टुडिओत पडद्यामागं कॉम्प्युटरवर बसलेली असताना काउंटरवर ओळखीचा आवाज आला. सासूचा, सुंदरम्मेचा.

"मालकांचा फोटो हाय. मोबाइलमधला, पन हसरा असा ह्यो एकच. मोठ्या फ्रेममधी घालायचाय. मांडीवरची पोरगी तेवढी काढा."

"नात का?" आपानं विचारलं.

"आमाला कुटली नात! शेजारणीची पोरगी ती. उगं येऊन बसायची. आमच्या प्रभुला मूलच न्हाय की. पैली वांझ निघाली, सोडली. आता अक्कलकोटची पोरगी बघितलीय. रविवारी येत्यात मानसं."

पडद्यामागं सिद्धेश्वरीनं माउस सोडला आणि मागं वळून बघितलं. आत, भिंतीला टेकून, शेजारणीची ती पोरगी बिस्कीट खात बसली होती.

"काचेवर उजेड आलाय. चष्माच काढू का?" आपाचा आवाज.

"नगं नगं! चष्म्याबिगर त्यास्नी वळखंल कोन? आन् लई मोठा करा. दारातनं आलेल्याच्या नजरंत पैला त्योच भरला पायजे."

सुंदरम्मा गेल्यावर आपा पडदा सारून आत आली. पुट्टीकडं बघितलं, तिच्या आईकडं बघितलं. "तू नक्को कर बेटा. मेरे को दे."

"न्हाई आपा. मीच करते. लई निगुतीनं करते."

आता ती निगुतीनंच बसली होती. आधी मनात आलं, म्हाताऱ्याचे ओठ एका कोपऱ्यात जरासे खेचावेत. हसणं कुत्सित करावं. म्हणजे येता-जाता सुंदरम्मेला वाटत राहील, मेलेला नवरा आपल्याला हिणवतोय. तिनं ते करूनही पाहिलं. झकास जमलं. आणि लगेच मागं फिरवलं. त्या घरात एवढं एकच माणूस तिचं होतं, त्याचं हसू कशाला नासवायचं?

मग तिनं पुट्टीच्या कडेनं रेघ फिरवायला सुरुवात केली. कुरळ्या जावळाशी हात हळू झाला. इथं तेल लावताना पोर रडायची, तो कान, ती हनुवटी. पोरगी सुटून आली. तिच्या मागं लपलेला सदरा खांद्यावरच्या कापडातून भरून काढला. पिवळ्या झबल्याची पिवळसर झाक सदऱ्यावर पडली होती, ती धुतली. कपाळावरची विभूती होती तशी ठेवली. आता राहिला चष्मा.

तिनं काच मोठी केली, आणखी मोठी केली, आणि तिचा हात थांबला.

तो उजेड नव्हताच. पोर चष्मा ओढायला वर झेपावली होती. दोन्ही काचांत पिवळं झबलं, पसरलेले हात, बोळकं तोंड.

शिकवल्याप्रमाणं हे पुसायला हवं होतं. तिनं ब्रश टेकवलासुद्धा. मग कानात घुमलं: वांझ निघाली, सोडली. ब्रश उचलला गेला. तिनं नवं काही जोडलं नाही. काचेवरचा धुरकटपणा तेवढा काढला, कडा उजळल्या. होतं तेच लख्ख केलं.

रविवार तिला दिसायला लागला. नवरीची एखादी चौकस मावशी चहाची बशी घेऊन फ्रेमखाली उभी राहील. "अगंबया, मालकांच्या चष्म्यात कोन हाय ओ ही?" आणि सुंदरम्मेच्या तोंडचं पाणी पळेल. घ्या म्हणावं. मोठा करायला तुम्हीच सांगितलंत. चष्माही तुम्हीच ठेवायला लावलात.

तिनं फाइल पाठवली. थोड्या वेळानं आपाचा फोन आला.

"चष्म्यातलं राहून गेलं का ठेवलंस?"

"ठेवलं."

"भांडायला येईल की गं ती!"

"येऊ द्या. येऊन काय म्हणंल? शेजारणीची पोरगी दिसती म्हणंल?"

पलीकडं आपा खुसखुसून हसली. "छापते."

सिद्धेश्वरीला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं. कापलेलं जपायचं म्हणून तिनं सासऱ्यांच्या चित्राचा थर तेवढा बंद केला. पडद्यावर एकटी पुट्टी उरली. मागंपुढं काही नाही, रिकाम्या जागेच्या करड्या-पांढऱ्या चौकड्या नुसत्या. गुडघे दुमडलेले, हात वर.

हंडा कधीचा भरून वाहत होता. पाणी अंथरुणापर्यंत गेलं आणि पुट्टी दचकून उठली. ओल्या पायांनी येऊन आईच्या कुशीत शिरली आणि स्क्रीनकडं बघत राहिली.

"ही मी?"

"व्हय गं माझी राणी."

पुट्टीनं ओलं बोट चित्रातल्या झबल्याखाली, चौकड्यांवर टेकवलं. तिथं काही सापडतंय का, म्हणून इकडंतिकडं फिरवलं.

"मम्मी, मी कुणाच्या मांडीवर बसलीय?"