चंदेरी पिशवीतली गळती

मी दुधाच्या पावडरीची चंदेरी पिशवी बोलतेय. तोंड कापलेलं, पोट भरलेलं, तरी कुणाच्याच कामाची नाही, अशी ओट्यावर पडले आहे.

कारखान्यात मी आधी नुसतं पातळ प्लास्टिक होते. प्लास्टिकमधून हवा हळूहळू झिरपते, म्हणून माझ्यावर ॲल्युमिनियमच्या वाफेचा मुलामा चढवला. केसाहून कितीतरी पातळ! पण माझ्या अंगावर धूळ होती. मुलामा त्या कणांवर बसला. पुढे यंत्राच्या फिरत्या रुळांवर घासताना कण निघून गेले आणि तेवढ्या जागा उघड्या पडल्या.

"ठिपके दिसतायत रे," मला दिव्यासमोर धरणारा म्हणाला.

"एवढ्याशा ठिपक्यांनी काय आभाळ कोसळतंय?" जोडीदार हसला. मी पुढे सरकले.

मुलाम्यातलं भोक एवढंसं असलं, तरी त्यातून शिरलेली हवा खालच्या प्लास्टिकात चहूकडे पसरते. भोकाच्या मानाने गळती फार मोठी होते. हे मी कुणाला आणि कसं सांगणार?

मी ज्या घरात आले, तिथल्या तान्ह्या बाळाला कुठलंच दूध पचत नव्हतं, आईचंसुद्धा. त्याला चालायची फक्त माझ्यातली, अशा बाळांसाठी खास बनवलेली पावडर. आजोबांनी मला कपाटात वर ठेवलं. "ही अडीअडचणीला असू दे गं, सूनबाई."

मी कपाटात बसून राहिले. हवा आत येत राहिली. मला सगळं कळत होतं, पण करता काहीच येत नव्हतं.

मग पुरात पूल खचला. मालाची गाडी येईना, दुकानातल्या पिशव्या संपल्या. काल सकाळी सूनबाईने मला कापलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"बाबा, वास बघा हो."

आजोबांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. "खवट झालीय." त्यांनी मला उलटून छापलेली तारीख पाहिली. "तारीख तर उलटलेली नाही!"

"थोडीशी देऊन बघू का?"

"नको पोरी. आधीच नाजूक जीव."

आजोबांनी काठी उचलली. डोंगराच्या अंगाने वळसा घालून पलीकडच्या दवाखान्यात दुसरी पिशवी मिळते का बघतो म्हणाले. सूनबाई चमच्याने साखरपाणी पाजत राहिली. बाळ रडून रडून घर डोक्यावर घेत होतं. "गप रे सोन्या, गप," म्हणता म्हणता तिचा घसा बसला.

आज दुपार कलली, तरी आजोबांचा पत्ता नाही. आणि बाळ गप्प झालंय. सूनबाई त्याच्या नाकापाशी बोट धरते, तळवे चोळते, गाल थोपटते.

"रड रे राजा. रड ना! मी नाही गप म्हणणार."

आजोबा, या हो लवकर. कारखान्यात ज्यांच्या हाती माझ्या बहिणी आहेत त्यांनो, ठिपक्यांना हसू नका.

बाळाचे ओठ हलले. मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला. सूनबाईने त्याला छातीशी घट्ट धरलं आणि तीच हमसाहमशी रडू लागली.