शुक्रवारचा दम

भिवंडीत लूम शुक्रवारी झोपतात. बाकीचे सहा दिवस कामतघरच्या गल्ल्या खटखटत असतात आणि तिथल्या माणसांना ती खटखट ऐकूही येत नाही. ऐकू येतो तो शुक्रवार. यामिनीताई आणि ठकुबाईची हिमालयाची तयारी या शुक्रवारांवरच चालली होती. पहाटे वऱ्हाळदेवीच्या तळ्याभोवती फेऱ्या, मग यामिनीताईंच्या इमारतीचे पाच मजले चार वेळा. यामिनीताईंच्या सॅकमध्ये शाळेची बाद हजेरीपुस्तकं, ठकुबाईच्या सॅकमध्ये सुताचे कोन. उतरताना मात्र ठकुबाई दोन्ही सॅक स्वतःकडे घ्यायची. "द्या इकडं. मला वजन कमी पडतंय," म्हणायची.

यामिनीताई शाळेत क्लार्क. ठकुबाई मूळची खारबावकडची. लूमच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरण्यात तिची सव्वीस वर्षं गेली. लेकीचा, रीमाचा, दाखला न्यायला ती शाळेत आली, यामिनीताईंच्या टेबलाशी गप्पा मारत बसली आणि जन्माची मैत्रीण झाली. रीमा आता पुण्यात नर्स आहे. आईला एकदा बर्फ दाखवायचाच, म्हणून तिनंच हिमालयाच्या गटात आईचं नाव नोंदवलं होतं.

"चौदा हजार फूट म्हंजी किती वो, ताई?"

"ही इमारत एकावर एक अडीचशे वेळा."

"मंग बरं हाय. अडीचशे इमारती आनि एका बी खिडकीतनं कोन इचारनार न्हाय, कुठं चाललीस म्हनून."

मे महिन्यात जाणाऱ्या गटाचे म्होरके भाऊ. चित्रकलेचे निवृत्त मास्तर; बावीस वर्षं माणसं हिमालयात नेतात आणि नेली तितकी परत आणतात. त्यांचा एक रिवाज होता. जाणाऱ्यांनी जोडीनं जायचं, एका तंबूत राहायचं आणि प्रकृतीचा फॉर्म एकमेकांचा भरायचा. "स्वतःबद्दल सगळेच थापा मारतात," भाऊ म्हणत, "दुसऱ्याबद्दल मारताना हात जरा अडखळतो." जोडीतला एक गळला की दुसऱ्याचीही जागा गेली. मग पुढचं वर्ष. पुढच्या वर्षी यामिनीताईंना पंचावन्न वर्षं पूर्ण होणार होती आणि गटात पंचावन्न पूर्ण झालेल्या कुणाला घेत नसत.

फॉर्मवर ठकुबाईचा फोटो हवा होता, म्हणून एका मंगळवारी यामिनीताई तिच्या कामावर गेल्या. कांड्यांची मशीनं वरच्या माळ्यावर, मध्ये तेरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. ठकुबाई फोटो द्यायला खाली आली. भुवयांवर रुईचे तंतू साचले होते, जणू म्हातारपण आगाऊ आलं होतं. वर परत जाताना सहाव्या पायरीवर ती बसली. खोकला आला, तो थांबला, मग नुसता श्वास वाजत राहिला.

यामिनीताईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं. "हे कधीपासून?"

"व्हतंय जरा. संध्याकाळपतूर."

"शुक्रवारी कसं होत नाही?"

"शुक्रवारी लूम बंद असत्यात ना. छाती बी सुट्टीवर." ठकुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "घाबरू नका. डोंगरात कुठं लूम हाय? तितं रोजच शुक्रवार."

हे उत्तर यामिनीताईंना घरी येईपर्यंत पटत होतं. घरी नवरा, केदार, म्हणाला, "'धाप लागत नाही' असं लिही आणि सोड. चार महिने शुक्रवारी तू मला चहा दिलेला नाहीस, ते फुकट घालवू नकोस."

बुधवारी शाळा भरायच्या आधी त्या फॉर्म घेऊन बसल्या. 'जोडीदाराला धाप लागते का?' त्यांनी पेन्सिलीनं 'नाही' लिहिलं. तीस वर्षांची सवय. नोंद आधी कच्ची करायची, मग शाईनं गिरवायची. शाईचं पेन त्यांनी उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग खोडरबर घेतला आणि लिहिलं, 'लागते. कामाच्या दिवशी सहा पायऱ्यांत.'

रविवारी भाऊंकडे ठकुबाई रीमानं पाठवलेली लोकरीची टोपी घालून बसली होती. बाहेर मार्च तापला होता. भाऊंनी तिचा फॉर्म वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"लूमवर दम लागतो?"

ठकुबाईनं यामिनीताईंकडं पाहिलंच नाही. "तितं लूम न्हाय ना, भाऊ."

"लूम नाही, पण हवाही पुरती नाही. आठवड्यातून एकदा सुटणारी छाती घेऊन मी कुणाला खिंडीत नेत नाही."

मग त्यांनी दुसरा फॉर्म वाचला, मोठ्यानं. "गुडघा, पाठ, जुनी दुखापत? 'काय बी न्हाय. ताईंचे पाय घोडीचे हायत.'"

यामिनीताईंना पाच मजले आठवले. उतरताना डावा पाय आधी टाकायचा, कठड्याला सहज धरल्यासारखं धरायचं. कुणाला कळत नाही, असं त्या समजत होत्या. आणि प्रत्येक शुक्रवारी ठकुबाईचा सॅकसाठी पुढं आलेला हात.

"द्या तो," त्या भाऊंना म्हणाल्या आणि ठकुबाईच्या अक्षराखाली लिहिलं, 'उतरताना डावा गुडघा धरतो. दोन वर्षं.'

भाऊंनी दोन्ही कागद एका टाचणीत अडकवले. "मे नाही. एकीनं छाती दाखवा, एकीनं गुडघा. डॉक्टर काय म्हणतात ते घेऊन या. मग सप्टेंबरचा गट बघू. बघू म्हणालो, नेतो म्हणालो नाही."

परतताना रिक्षात ठकुबाईनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुमी लिवलं," ठकुबाई म्हणाली.

"हो."

"मी न्हाय लिवलं."

"माहीत आहे."

शुक्रवारी यामिनीताई तळ्याकाठी उभ्या राहिल्या. ती येईल असं त्यांना वाटत नव्हतं. गल्ल्या निजलेल्या, पाण्यावर एक पाणकोंबडी. साडेपाचाच्या पुढं ठकुबाई आली, डोक्यावर तीच टोपी. न थांबता पुढं निघाली आणि चालता चालता, जात्यावर बसल्यासारखी, म्हणू लागली,

"सई माझी लिवनारी, खरं लिवून आली बाई
तिच्या खऱ्यापायी माझा, हिमालय हितंच राही!"

"टोमणा मारतेस?"

"मंग काय आरती करू?"

फेऱ्या झाल्या, मजले चढून झाले. सगळ्यात वर ठकुबाई थोडी टेकली. खाली निघताना तिनं नेहमीसारखा हात पुढं केला. यामिनीताईंनी सॅकचा पट्टा घट्ट धरला.

"द्या वो," ठकुबाई म्हणाली. "आता तर गुडघा कागदावर हाय."