तुटक रेघेबाहेर

“अंकल जी, फिर कट गया.”

नीलकंठरावांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, जणू फोनच खोटं बोलत होता. मग तो पुन्हा कानाला लावला.

“क्या कट गया? मैंने तो पूरा भेजा है.”

“राइट साइड. सीढ़ी दिख रही है, रेल दिख रही है, कुर्सी भी. उसके आगे काग़ज़ ख़तम. ऊपर की प्लेट का नाप ही नहीं है. अंदाज़ से काटूँ क्या?”

“अंदाज़ से कुछ मत काटना!”

शैलेंद्रच्या आवाजामागे ग्राइंडर किंचाळत होतं. रिछाईच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्याची लहानशी शेड होती. गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असली कामं तो करायचा. जिन्यावरून माणसाला वरखाली नेणारी खुर्ची त्यानं आयुष्यात केली नव्हती. पण नीलकंठरावांच्या जुन्या ओळखीवर तो तयार झाला होता. मंगळवारपासून त्याच्याकडे शाळेच्या बेंचांचं मोठं काम लागणार होतं. आज पूर्ण ड्रॉइंग मिळालं तर सोमवारी कटिंग, नाहीतर दोन महिने मला विसरा, असं त्यानं सरळ सांगून टाकलं.

नीलकंठरावांनी लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. घराच्या अरुंद जिन्याच्या पायऱ्या, भिंतीला धरून वर चढणारा रूळ, रुळावरची खुर्ची, आणि अगदी उजवीकडे, वरच्या कठड्याला प्लेटनं पक्का केलेला विंच. त्याचं हँडल फिरवलं की दोर गुंडाळला जाणार आणि खुर्ची वर येणार. एकेक माप त्यांनी टेप धरून स्वतः घेतलेलं होतं. पण त्याच ड्रॉइंगची पीडीएफ उघडली की विंच गायब, प्लेट गायब, कोपऱ्यातला नावाचा चौकोनही अर्धा.

“अहो, काय झालं?” खिडकीजवळच्या पलंगावरून सत्यभामाबाईंनी विचारलं.

“काही नाही. कागद कमी पडून राहिला.”

“मग मोठा घ्या.”

“तसं नसतं ते.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं परत आलं, थोडं जाड झालेलं, पण धार तीच. पाय घरातल्या घरात काठीवर चालायला लागले. उजवा हात मात्र रुसल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. घर पहिल्या मजल्यावर. जिना चढणं-उतरणं बंद म्हणजे खालचं अंगण बंद, गेट बंद, गल्ली बंद. एकदा भाचीच्या लग्नाला गल्लीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं होतं. परत आल्यावर बाई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “गणपतीसारखं नेलं मला. पाण्यात बुडवायचं तेवढं राहिलं.” त्यानंतर कुणी कितीही आग्रह केला तरी त्या खाली उतरल्या नाहीत.

त्याच आठवड्यात नीलकंठरावांनी टेप काढून जिना मोजायला घेतला होता.

विनता आली ती हेल्मेट हातात घेऊनच आत शिरली. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती नोकरी करायची आणि रविवारी जेवायला माहेरी यायची. निवृत्तीनंतर वडिलांना कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला तिनंच शिकवलं होतं. आयुष्यभर ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघा ओढलेल्या माणसाला माऊस धरायला शिकवताना दोघांची भांडणंही पुष्कळ झाली होती.

“पाहा जरा हे,” नीलकंठराव म्हणाले. “तुझं सॉफ्टवेअर माझी उजवी बाजू खाऊन राहिलं.”

विनता वाकून पाहू लागली. “फिट टू पेपर करून टाका ना बाबा. सगळं येऊन जाईल.”

“केलं ना काल. सगळं आलं, पण आक्रसून आलं. शैलेंद्र कागदावर पट्टी ठेवून मापं पडताळतो. कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जिन्यावरचे दहा. ते राहिलंच नाही तर काय उपयोग?”

“अच्छा, रुको.” तिनं खुर्ची ओढली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि पडद्यावरचं पान लहान-मोठं करून पाहिलं. मग बोट एका जागी टेकवलं. पानाच्या कडेपासून थोडी आत, चारही बाजूंनी एक तुटक रेघ गेली होती. विंच त्या रेघेच्या बाहेर पडत होता.

“ही डॉटेड लाइन तुम्ही पाहिली नाही का?”

“पाहिली.”

“मग?”

“तुटक रेघ म्हणजे मागे लपलेली कड. नोकरीभर तेच शिकलो, तेच काढलं. मला वाटलं, कागदाच्या मागे काही असेल.”

विनताला हसू आवरेना. “कागदाच्या मागे काय असणार बाबा?”

“मला काय माहीत? तुमचं शास्त्र.”

पलंगावरून बाईंच्याही हसण्याचा आवाज आला. नीलकंठरावांनी तिकडे रागानं पाहायचा प्रयत्न केला, पण तो काही नीट जमला नाही.

“हे पाहा,” विनता म्हणाली. “पीडीएफवाला प्रिंटर खरा नसतोच. पण त्याला वाटतं की तो खरा आहे. कागद पकडायला कडेला जागा लागते ना, म्हणून तो चारही बाजूंनी मार्जिन सोडून ठेवतो. आणि मार्जिनमध्ये जे काही गेलं, ते काटून टाकतो. बिना पूछे.”

“कागदच नाही, तर पकडतो काय?”

“तेच तर.”

तिनं प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कागदाचा आकार शोधला आणि त्याच्या मार्जिनचे आकडे पुसले. डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य, वर शून्य, खाली शून्य. ती ड्रॉइंगवर परत आली तेव्हा तुटक रेघ सरकून पानाच्या कडेला टेकली होती आणि तिथेच दिसेनाशी झाली होती. स्केल हलली नव्हती. विनतानं नवी पीडीएफ काढून उघडली. जिना, रूळ, खुर्ची, प्लेट, विंच, नावाचा चौकोन. काहीही कापलं गेलं नव्हतं.

नीलकंठराव खुर्चीत मागे टेकले. “एवढंच होतं?”

“एवढंच.”

“पाठव मग शैलेंद्रला.”

“थांब,” बाई म्हणाल्या. “मलाही दाखव.”

विनतानं लॅपटॉप उचलून पलंगावर आईच्या मांडीजवळ ठेवला. बाईंनी डाव्या हातानं चष्मा नाकावर चढवला आणि पडदा बारकाईनं पाहू लागल्या. डावीकडून उजवीकडे त्यांची नजर एकेक पायरी चढावी तशी गेली आणि टोकाला पोचून थांबली. विंचच्या शेजारी एक छोटा माणूस काढलेला होता. उंचीचा अंदाज यावा म्हणून नीलकंठराव नेहमीच असा एक माणूस काढायचे. यानं दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं.

“हे कोण?”

“मी,” नीलकंठराव म्हणाले.

“काल दाखवलं तेव्हा तुम्ही नव्हते.”

“काल कापला गेलो होतो.”

“तुम्ही काय करून राहिले तिथं?”

“हँडल फिरवून राहिलो. तू खुर्चीत बसशील, मी वरून हळूहळू सोडीन. येताना वर ओढून घेईन. मोटर लावता आली असती, पण लाइट गेली तर अर्ध्या जिन्यात लटकशील. हे कसं, माझ्या हातात राहील.”

बाईंनी बोट खुर्चीवर ठेवलं. खुर्ची रिकामी होती.

“मला वाटलं, ती आपली आपण जाते,” त्या म्हणाल्या.

“आपली आपण कशी जाईल?”

“ते तुम्हाला माहीत. इंजिनिअरिंग तुमचं.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “छान काढलं आहे. चौघांच्या जागी एक झाला, एवढं तर झालं.”

विनतानं उगाच हेल्मेटचा पट्टा लावला आणि सोडला. नीलकंठराव पडद्यावरच्या त्या माणसाकडे पाहत राहिले. त्याचे पाय त्यांनी चांगले घट्ट रोवून काढले होते.

“मग तुझं म्हणणं काय?” त्यांनी विचारलं. आवाज जरा चढाच लागला.

“काही नाही. बनवा. मी बसीन.”

“सत्यभामा, नीट सांग.”

बाईंनी डावा हात वर केला आणि हवेत गोल फिरवून दाखवला. “हँडल मला द्या ना.”

“तुला? तुझा हात—”

“हा आहे ना. याच हातानं जेवून राहिले, केस विंचरून राहिले. हाच तर उरला आहे कामाचा.”

“पूर्ण वजन ओढावं लागतं, वर येताना. हात सुटला तर सरळ खाली.”

“बाबा,” विनता मध्येच म्हणाली, “वर्म गिअर घेतला तर? आमच्या साइटवर शटरला लावला आहे. हात सोडला तरी मागे घसरत नाही, जिथं आहे तिथंच थांबतो. जोर पण कमी लागतो.”

टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं नीलकंठरावांनी एक चाक काढलं, त्याला टेकलेला आट्यांचा दांडा काढला, खुर्चीच्या डाव्या हाताला एक लहान हँडल काढलं. मग मनाशी हिशेब केला.

“जोर कमी लागेल,” ते अखेर म्हणाले. “पण फेरे फार होतील. खाली जायलाच कितीतरी वेळ लागेल तुला.”

“मला कुठं गाडी पकडायची आहे?”

जेवणं उरकल्यावर बाप-लेक टेबलाशी बसले. दुपारभर पलंगावर बाईंना दोघांची वादावादी ऐकू येत राहिली. रुळाला दाते हवेत की नकोत, हँडल किती पुढे, पट्टा कुठून. मधूनमधून नीलकंठराव टेप घेऊन येत आणि बाईंच्या डाव्या कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर मोजत. एकदा त्यांनी हवेतल्या हवेत हँडल फिरवायला लावलं आणि कोपर कुठवर जातो ते पाहिलं. बाईंनी अगदी गंभीर चेहऱ्यानं फिरवून दाखवलं. या वेळी नीलकंठरावांनी खुर्चीत माणूस काढला. साडीचा पदर रेघांनी नीट जमेना, म्हणून विनताला काढायला सांगितला.

ऊन कलायच्या आत, वरचा विंच आणि दोर काढून टाकलेली नवी पीडीएफ गेली. पाठोपाठ फोन आला.

“अंकल जी, अब तो राइट साइड में कुछ है ही नहीं! फिर कट गया क्या?”

“नहीं बेटा,” नीलकंठराव म्हणाले. “अब उतना ही है.”

शैलेंद्रनं थोडी कुरकुर केली. दात्यांची पट्टी त्याच्याकडे नव्हती, गिअर कुठून तरी मागवावा लागणार होता. पण हँडल कुणासाठी आहे हे कळल्यावर तो म्हणाला, “आंटी जी ख़ुद चलाएँगी? फिर तो रंग अच्छा वाला लगाऊँगा.” बेंचांच्या कामातून वेळ चोरत त्यानं खुर्ची पुरी केली आणि एका शनिवारी दोन माणसं आणून बसवून दिली. रंग गर्द निळा होता. नीलकंठरावांनी आधी पोत्यात वाळू भरून ती खालीवर केली, मग विनताला बसवलं, मग स्वतः बसले. रुळाचा प्रत्येक बोल्ट त्यांनी पुन्हा आवळला.

सोमवारी सकाळी बाईंनी चांगली साडी नेसली. नीलकंठरावांनी पट्टा लावून दिला, काठी खुर्चीच्या बाजूला अडकवली आणि पुढे होऊन पहिल्या पायरीवर उभे राहिले.

“तुम्ही कुठं निघाले?”

“तुझ्यापुढे उतरतो. काही झालं तर—”

“काही होत नाही. तुम्ही आत जा बरं.”

“अगं, पहिलीच वेळ आहे.”

“म्हणूनच म्हणून राहिले. तुम्ही समोर राहिले की माझं लक्ष तुमच्या तोंडाकडे जाते.”

ते बाजूला झाले, दारातून आत आले आणि आतल्या बाजूला भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. हँडलचा आवाज सुरू झाला. टक, टक, टक. मध्ये थांबला. नीलकंठरावांचा हात दाराच्या कडीवर गेला.

“अडकली का?” त्यांनी आतूनच विचारलं.

“नाही,” जिन्याच्या मध्यातून आवाज आला. “बसून राहिले जरा. इथून शेजारचा पेरू दिसून राहिला. केवढा वाढला हो.”

पुन्हा टक, टक सुरू झालं, लांब लांब गेलं आणि बंद पडलं. पट्टा सुटल्याचा आवाज आला. काठीचं टोक फरशीवर वाजलं, एकदा, मग बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा, आणि अंगण ओलांडून गेटपर्यंत गेलं.

गेट उघडल्यावर समोरची दुबेबाई जवळजवळ ओरडलीच.

“अरे भाभी! आप? नीचे? कौन लाया?”

“कोई नहीं. ख़ुद आई हूँ.”

“और भाईसाहब? वो नहीं उतरे साथ में?”

वर दाराआड नीलकंठराव कान देऊन उभे होते.

“वो ऊपर हैं,” सत्यभामाबाई ऐटीत म्हणाल्या. “काम चल रहा है उनका. बीच में उठते नहीं.”

नीलकंठराव तसेच थोडा वेळ उभे राहिले. सकाळपासून त्यांना काहीही काम नव्हतं. मग ते टेबलाशी गेले, खुर्चीत बसले आणि त्यांनी लॅपटॉप उघडला.