गवत भरलेलं चाक

मित्रांनो, त्या प्रवासातून साव्वातीला मिळणार होतं ते एवढंच, की शेजारच्या प्रोकोपचं तोंड बंद होणार होतं. साव्वातीच्या बायकोला, ग्लाफिराला, मात्र चाळीस वर्षांनी आईच्या थडग्यापाशी पोचायचं होतं. मला काय मिळणार, हे कुणी विचारलं नाही.

मी एक जुना पाळणा आहे. बाळाचा नव्हे. मोटरसायकलच्या उजव्या अंगाला एका चाकावरची पत्र्याची होडी जोडतात ना, तिला आमच्या उत्तरेकडे पाळणाच म्हणतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी हिरवागार होतो. साव्वातीनं मला घरी आणलं त्या दिवशी अर्धी गल्ली माझ्यात बसून गेली. पुढं मी बटाटे वाहिले, जळण वाहिलं, एकदा डुकराचं पिल्लूही वाहिलं. त्यानं माझी गादी खाल्ली, आणि ठपका गादीवर आला. साव्वाती निवृत्त झाला तसा मीही झालो. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. अंडी मिळत तोवर माझं कौतुक होई.

मग ग्लाफिराचे गुडघे सुजू लागले. तिचं माहेरचं गाव सहाशे किलोमीटर उत्तरेला, कधीच ओस पडलेलं. हिवाळाभर साव्वातीनं तिच्या आईसाठी लाकडी क्रूस घडवला. "याच उन्हाळ्यात जायचं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मला पोत्यासारखी उचलून ठेवावी लागेल."

तंबू, किटली, खारवलेले मासे, काळा पाव आणि क्रूस, सगळं माझ्यात आलं. वर ग्लाफिरा. त्याआधी, वाट सुखाची व्हावी म्हणून, रीतीप्रमाणे दोघं मिनिटभर गप्प बसले होते. फाटकावरून प्रोकोप म्हणाला, "साव्वाती, नदीपर्यंत तरी जाशील, की त्याआधीच ढकलत आणशील?"

"तू बस इथंच. आलो की उठवतो."

गल्ली संपली आणि ग्लाफिरा ओरडली, "पंप! अरे, हवेचा पंप घरी खिळ्यालाच राहिला!"

साव्वातीनं गाडी थांबवली. "वाटेतून माघारी फिरलं की काम फिसकटतं."

"घरात जाऊन आरशात बघितलं की उतरतो तो अपशकुन."

"नको."

"म्हाताऱ्या, आरसा तुझ्या हँडललाच आहे. इथंच बघ नि वळव!"

साव्वातीनं आरशात बघितलं. त्यात गल्ली दिसत होती, फाटक दिसत होतं, आणि फाटकाला टेकून उभा असलेला प्रोकोप दिसत होता. अपशकुनाचं नुसतं नाव होतं, मित्रांनो. गाडी पुढं गेली.

दोन दिवस वाळू, दलदल आणि डास. दुसऱ्या दिवशी मागचं चाक बसलं, तेव्हा माझ्या पाठीवरचं जादा चाक तिथं गेलं. तिसऱ्या दिवशी, गाव चाळीस किलोमीटरवर असताना, मोडक्या पुलाचा खिळा माझ्या चाकात शिरला. ट्यूबला ठिगळ लागलं. पण हवा कुठून आणायची? साव्वातीनं तोंडानं फुंकून बघितलं. दुपारपर्यंत त्या वाटेला कोणी फिरकलं नाही.

"ग्लाशा," लाडानं तो ग्लाफिराला असंच म्हणायचा, "मागं फिरू या. वस्तीवर पंप मिळाला तर बघू."

"वाटेतून माघारी फिरलं की काम फिसकटतं म्हणे," ती क्रूस मांडीवर घेऊन म्हणाली. "मी नाही उतरायची."

मग त्यानं टायरमध्ये गवत कोंबलं. चाळीस किलोमीटर मी गवतावर चाललो. एकेका खड्ड्याला माझा एकेक सांधा बोलत होता. गावाच्या कडेला पोचलो तेव्हा माझ्या चाकाची रिम दुमडली होती.

तिथंच, आईच्या थडग्यावर, क्रूस रोवला गेला. ग्लाफिरानं मातीवर पावाचा तुकडा ठेवला. "आई, उशीर झाला गं," ती म्हणाली. "याचा पंप राहिला होता."

साव्वातीनं माझे बोल्ट सोडले. "न्यायला येतो हां," तो मला थोपटून म्हणाला. ग्लाफिरा सुजलेले गुडघे मुडपून मागच्या सीटवर बसली. सहाशे किलोमीटर तशीच गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला. एकटा. हातात पंप होता. माझ्या गंजलेल्या रिमकडे त्यानं बराच वेळ बघितलं आणि माझ्यात बसला.

"ग्लाशा आता पायऱ्यासुद्धा उतरत नाही," तो म्हणाला. मला, की क्रुसाला, कोण जाणे. "त्या परतीनं तिचे गुडघे संपवले. प्रोकोप विचारतो, पाळणा कुठंय? मी सांगतो, सासूबाईंना दिला."

पंप त्यानं माझ्यातच ठेवला. "कुणाला लागला तर," म्हणाला.

मित्रांनो, मी फार थकलोय, म्हणून थोडक्यात सांगतो. विसरलेल्या वस्तूसाठी माघारी फिरायला लाजू नका. ज्याला तुम्ही भिता, तो दोन दिवस हसतो आणि विसरतो. प्रोकोप अजून मजेत फाटकाला टेकून उभा असेल. साव्वातीची मान खाली गेली नाही. चाक माझं गेलं. गुडघे ग्लाफिराचे गेले.