कडेचा तपकिरी रंग

कडेला धरा मला, मधोमध बोट लावू नका. ठसा उमटला की ताई चिडते. हं, आता ऐका. मी काचेची पट्टी बोलतेय, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती. लॅबमध्ये मला स्लाइड म्हणतात. माझ्यावर एका माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा आहे, इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसतं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. माझ्या टोकाला नुसता एक आकडा लिहिलाय.

आधी मी पन्नास जणींच्या डबीत पडलेली कोरी काच होते. कोऱ्या काचेचं कसलं आलंय आत्मवृत्त! माझं आयुष्य सुरू झालं ते ताईनं मला कोमट पाण्यात बुडवलं तेव्हा. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा तिनं यंत्राच्या पात्यावर कापला, त्याच्या झिरझिरीत फिती पाण्यावर सोडल्या आणि त्यातली एक अलगद माझ्यावर उचलून घेतली. सुरकुती नाही की बुडबुडा नाही. सव्वीस वर्षं ती हेच करत आलीय. लॅबमध्ये सगळेच तिला ताई म्हणतात, डॉक्टरबाईसुद्धा.

या डॉक्टरबाईंना एक कोडं पडलं होतं. आतड्याच्या आतल्या अस्तरात रोज नव्या पेशी जन्मतात, खालून वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. वर सरकताना त्यांना कुणीतरी सांगावं लागतं की वाढणं पुरे, आता कामाला लागा. हे सांगणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅल्शियम. दुधातलं, गोळीतलं, तेच ते. पण सांगितलेलं ऐकू यायला पेशीच्या अंगावर रिसेप्टर लागतो, तिचा कानच म्हणा ना. कॅन्सरच्या गाठीत हे कान कितपत शिल्लक राहतात, ते बाईंना बघायचं होतं. म्हणून ताईनं माझ्यावर असं द्रावण घातलं, की जिथे रिसेप्टर असेल तिथे तपकिरी रंग चढावा.

रंगाच्या अंघोळीतून बाहेर आले तेव्हा स्वतःला बघायची मलाच कोण घाई झाली होती! ताईनं मला भिंगाखाली धरलं आणि तिचा चेहरा पडला. गाठीवर तपकिरी काहीच नव्हतं. पेशी दिसाव्यात म्हणून दिलेला फिका निळा रंग तेवढा होता.

"वाया गेली," ती पुटपुटली आणि मला बाजूला सारलं. बाटलीवरची तारीख तपासली, दुसरी स्लाइड केली. तेच. तिसरी केली, तरी तेच. सव्वीस वर्षांत कधी न चुकलेला हात आता चुकायला लागला की काय, या विचारानं ती बेचैन झाली. फुटक्या काचांच्या डब्यात माझी रवानगी होणार, एवढ्यात डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी मला उचललं.

"ताई, जरा कडेला बघा ना," त्या म्हणाल्या.

माझ्या कडेला निरोगी आतड्याची एक चिंचोळी पट्टी आली होती. तिथे रंग झकास चढला होता, अगदी तपकिरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ताईचा हात चुकला नव्हता. गाठीच्या पेशींनीच आपले कान गमावले होते.

डॉक्टरबाई खूश झाल्या. ताईला मात्र दादा आठवला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, घरं रंगवणारा. त्यांचे वडील याच कॅन्सरनं गेले, तेव्हा दोन्ही भावंडांना तपासणी करायला सांगितलं होतं. नळीला कॅमेरा लावून आतडं आतून बघतात, ती. ताईनं लगेच करून घेतली. दादानं कुठेतरी वाचलं की कॅल्शियम आतड्याला चांगलं, आणि सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळी घेऊन स्वारी निर्धास्त. तपासणीचं नाव काढलं की विषय बदलायचा.

पुढच्याच आठवड्यात आमच्या लॅबच्या भिंती रंगवायला तोच आला. जेवणाच्या सुट्टीत ताईनं त्याला शिडीवरून खाली बोलावलं.

"हात धू आणि यात बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"रंग कळतो ना? मग बघ."

तो एक डोळा मिटून माझ्यावर वाकला. त्याच्या भुवईवर पांढऱ्या रंगाचा थेंब वाळला होता. "हे तर कोरंच आहे गं."

"ती गाठ आहे. कॅल्शियमचं ऐकणारं तिथे कुणी उरलेलं नाही. अशा गाठीपुढे तुझी गोळी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

दादा हसला. "तुझा रंग बसला नाही आणि दोष गाठीला! नाचता येईना अंगण वाकडं."

"मलाही आधी तसंच वाटलं. आता कडेला बघ."

तिनं मला जरा सरकवलं. दादाचं हसू थांबलं.

"हे दोन्ही एकदमच रंगवलंस?"

"एकदमच."

"बाटली तीच?"

"तीच. हातही तोच."

त्यानं पुन्हा भिंगाला डोळा लावला. एकाच हाताचा रंग एकीकडे बसला आणि एकीकडे बसला नाही, तर खोट भिंतीत असते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"गोळी वाईट असं मी म्हणत नाही रे," ताई म्हणाली. "काहींना तिचा उपयोग होतही असेल. पण तुझ्या पोटात काय चाललंय, ते गोळी कसं सांगणार?"

दादा उठला, पुन्हा बसला. "मला भीती वाटते गं," तो एकदम म्हणाला. "बाबांचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढे येतात."

ताईनं त्याची रंगानं माखलेली बाही धरली. "मलाही वाटली होती. मी येते तुझ्याबरोबर."

तीन आठवड्यांनी ट्रेमध्ये माझ्या शेजारी एक नवी स्लाइड आली, दादाच्या तपासणीतच काढलेल्या तुकड्याची. आपल्या माणसाचं काम आपण करायचं नाही असा लॅबचा नियम, त्यामुळे ती दुसऱ्या कुणीतरी केली होती. ताई दिवसभर त्या ट्रेच्या आसपास घुटमळत होती. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी तिला हाक मारली.

"गाठ होती, ताई. पण कॅन्सर नाही. तशीच राहिली असती तर पुढचं काही सांगता आलं नसतं. आता पूर्ण निघाली आहे."

ताईनं चष्मा काढला आणि ती मोकळेपणी रडली. एक थेंब माझ्यावरही पडला. म्हणतात की अश्रूंतही थोडं कॅल्शियम असतं. मला फार बरं वाटलं.

आता आम्ही दोघी एकाच खणात असतो. दादाची स्लाइड नवी आहे, तिला सगळं विचारून मी भंडावून सोडते. तिचा माणूस हल्ली कुठलं घर रंगवतो, हे तिला माहीत असतं, कारण ताई सांगत असते. माझा माणूस मात्र कुठे आहे, आहे की नाही, मला कळत नाही. त्यालाही कुणी तपासणीची तारीख दिली असेल का, आणि ती त्यानं पुढे ढकलली असेल का, हे विचारावंसं फार वाटतं. पण नुसता आकडा काय उत्तर देणार?

तुम्हाला मात्र मी विचारू शकते. तुमची तारीख कधी होती? भीती वाटत असेल तर बरोबर कुणाला तरी न्या. पण जा.