मानेवरचा काळा पट्टा

"भूक वाढेल हं हिची. वजनाकडे लक्ष ठेवा," औषधाच्या दुकानातला माणूस बाटली पिशवीत टाकता टाकता म्हणाला होता, तेव्हा आई चक्क हसली होती. भूक वाढेल? वाढू दे की! तिची लेक म्हणजे घासाघासाला गोष्ट सांगावी लागायची अशी. दिवसभर नुसती गरगर फिरायची, म्हणून घरात नावच पडलं होतं भिंगरी. त्या भिंगरीला शाळेच्या जिन्यात फिट आली आणि अख्खं घर हादरलं. फिट थांबावी, एवढंच तेव्हा आईला हवं होतं. बाकीचं तिनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

औषधानं काम मात्र चोख केलं. फिट गेली ती गेलीच. आणि भूक आली. ताटावरून उठलेली पोर थेट डब्यांकडे वळायची. "आई, मी जेवले गं, पण पोटाला कळतच नाही," असं रडवेली होऊन सांगायची. फ्रॉकच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या. भिंगरी फिरायची थांबली. एक मजला चढली की धापा टाकायची.

भिंगरीच्या बाबांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. आत्या मनानं वाईट नव्हती, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की आवरायचा नाही. तिनं खाऊच्या कपाटाला कुलूप ठोकलं. मग एके दिवशी भिंगरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कोरडं पीठ मुठीनं खाताना सापडली. तोंड पांढरं, डोळे भेदरलेले.

"चोरटी कुठली! मांजरसुद्धा लाजेल."

"ताई, चोर म्हणायचं नाही तिला," आई म्हणाली.

"मग काय म्हणू? पाहुणी?"

बाबा वर्तमानपत्राआडून फिसकन हसले. आईच्या अंगाची लाहीलाही झाली. सात-आठ वर्षांची पोर भुकेनं कासावीस होते, आणि घरातली मोठी माणसं विनोद करतात!

त्यावर कडी झाली ती मानेची. भिंगरीच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा उमटला होता. "नोकरी करा, साहेब व्हा, पण पोरीला आंघोळ तरी घाला," असं पुटपुटत आत्यानं आई कामावर गेल्यावर खरखरीत घासणी घेतली. संध्याकाळी आई घरी आली तेव्हा मान लालभडक झाली होती. दोन ठिकाणी सालटं निघालं होतं.

"मळ निघतच नाही, आई. पण मी रडले नाही."

आईनं हलकेच बोट फिरवलं. कातडी जाडसर आणि मखमलीसारखी लागत होती. मळ असा नसतो. तिनं आत्याकडे बघितलं. "पुन्हा हिच्या मानेला हात लावलात, तर माझ्याशी गाठ आहे." त्या घरात तिचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ती भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेली. नर्सनं नेहमीसारखं म्हटलं, "चढ बाळा काट्यावर," आणि आकडा आत ओरडून सांगितला. डॉक्टरांनी मान वर न करता वजनावरून औषधाचा हिशेब केला.

"वजन वाढलंय. डोस थोडा वाढवू."

आई पार्सलच्या कचेरीत खिडकीवर बसायची. त्या क्षणी तिला स्वतःचेच हात दिसले.

"डॉक्टर, आम्ही पार्सल असंच तोलतो."

"म्हणजे?"

"काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, दर लावायचा, पुढचा या. मागच्या वेळी किती होतं, का वाढलं, आम्हाला काय करायचंय! पण ही पार्सल नाही. हिला कितीतरी महिन्यांत फिट आलेली नाही. औषधानं भूक, भुकेनं वजन, आणि वजन वाढलं म्हणून पुन्हा औषध. हे थांबणार कुठे?"

"खाण्यावर ताबा ठेवा. की फिट परत यायला हवी आहे?"

या एका वाक्यानं किती आयांची तोंडं बंद केली असतील! आजवर तिचंही केलं होतं.

"नकोय. म्हणून तर एकही डोस चुकवलेला नाही, चुकवणारही नाही. पण जरा इकडे बघा." तिनं भिंगरीची वेणी वर उचलली.

डॉक्टर खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि वाकले. इतक्या फेऱ्यांत पहिल्यांदाच.

"हे ओरखडे कसले?"

"मळ समजून घासलंय घरच्यांनी."

"मळ नाही हा." त्यांचा आवाज खाली आला. "शरीराला साखर नीट वापरता येईनाशी झाली की मान अशी काळवंडू शकते. रक्त तपासू. साखर, चरबी, यकृत, सगळंच. उद्या सकाळी उपाशीपोटी या."

"उपाशी?" भिंगरीनं घाबरून आईचा हात धरला.

साखर मधुमेहाच्या अगदी काठावर निघाली, चरबी मर्यादेच्या बरीच पुढे. फिटचं दुसरं औषध सुरू करून आधीचं हळूहळू कमी करायचं ठरलं. "एकदम बंद करायचं नाही हं," डॉक्टर म्हणाले, "वेळेवर लक्षात आलं, नशीब म्हणायचं."

"कुणाच्या लक्षात?" ती म्हणाली.

घरी कपाटाचं कुलूप निघालं. 'चोरटी' हा शब्द मात्र आत्यानं परत घेतला नाही. "मला मेलीला काय ठाऊक!" एवढंच म्हणाली. बाबा तेव्हा हसले नाहीत. हसण्यासारखं त्यात आधीही काही नव्हतं.

पण आईच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती ती दवाखान्याबाहेरची बाकं. बाकांवर आयांच्या मांडीवर बसलेली मुलं, एकेक करून काट्यावर चढणारी. ती एकटी किती जणांना गाठणार? म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. शेजारी, नात्यात, वर्गात फिटचं औषध घेणारं एखादं मूल असेल आणि हल्ली फार खातं म्हणून लोक त्याला हसत असतील, तर त्याच्या घरी एकदा जाऊन या. औषध बंद करा, असं चुकूनही म्हणू नका. त्याच्या आईजवळ बसा आणि एवढंच विचारा, की वजन केल्यावर त्याच्याकडे कुणी बघितलं का?