श्री नावाचा फोल्डर

अकरा वाजता दिल्लीच्या करोल बागेतल्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटचं उद्घाटन होतं. साडेदहा झाले होते, आणि द्वारकेत घरच्या कॉम्प्युटरवर मी पत्ता टाकला की नुसतं कोरं पान येत होतं.

"उत्तरा, सगळं चढवलंस ना?" माझे सासरे गुणवंतराव तिसऱ्यांदा विचारत होते.

"दोनदा चढवलंय, बाबा."

कोणी चुकून रिसीव्हर उचलला तर इंटरनेट तुटेल, म्हणून ते फोनवर हात दाबून बसले होते.

वेबसाइटला जागा देणाऱ्या होस्टवाल्याने सांगितलेला फोल्डर मी उघडला. फोल्डर बरोबर होता, पण आत आणखी एकच फोल्डर होता, 'श्री', आणि सगळ्या फायली त्याच्या पोटात, जिथे वेबसाइट बघतच नव्हती. मंत्रालयात तीस वर्षं बाबांनी प्रत्येक कोऱ्या कागदावर आधी श्री लिहिलं होतं. इथेही त्यांनीच आधी त्या नावाचा फोल्डर करायला लावला, आणि मी मुकाट्याने केला.

"श्री कागदाच्या वर लिहितात," मी फणकारले. "कागद त्याच्या आत कोंबत नाहीत."

मी एकेक फाइल बाहेर काढत गेले. अकराला चार मिनिटं असताना पान उघडलं, गणपतीच्या फोटोसकट.

"हा रिकामा फोल्डर काढून टाकू?"

बाबांनी फोनवरचा हात उचलला.

"अच्छा, राहू दे ना," ते हळूच म्हणाले. "आता कुणाच्या आड येत नाही तो."